दोन वह्यांच्या मधलं

पालम,
१८ जानेवारी १९९४

प्रिय म्हाळसा,

कस्तुरा लिहितेय. येलदरीच्या खालच्या अंगाला आपलं गाव, त्या गावातल्या किशनरावांची कस्तुरा. सातवीला तुझ्या शेजारी बसायची आणि तुझ्या भाकरीवरचा ठेचा संपवून वर पाणीही तुझंच प्यायची, ती. चौदा वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आप्पांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना स्वतःचंच बोलणं आणखी पटायला लागलंय. मी इथे शाळेत मास्तरीण आहे. नवरा एसटीत कंडक्टर आहे. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली तेव्हापासून गाड्यांचं काही खरं नाही, म्हणून तो घरी आहे आणि दर अर्ध्या तासाला चहा मागतोय. त्याला आता करून घे म्हटलं आणि लिहायला बसले. तुझा ठावठिकाणा कसा लागला ते शेवटी सांगेन. त्याआधी चौदा वर्षं विचारायचं राहिलेलं विचारते. म्हाळसा, तुझा डावा पाय कसा आहे?

त्या पायाकडे येण्याआधी तुला वह्यांची आठवण करून द्यायची आहे. आमचा भुजंगदादा तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होता आणि सुट्टीला येताना रद्दीवाल्याकडून रशियाचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक आणायचा. वाचायला नव्हे, आपल्या वह्यांना कव्हरं घालायला. वर्गात कुणाच्या वहीवर ट्रॅक्टर, कुणाच्या वहीवर धरण, मागच्या बाकावरच्या कडूच्या वहीवर तर एक लठ्ठ गाय होती आणि ती तिला वर्षभर पुरली. आपल्या दोघींच्या वाट्याला मात्र ती जिम्नॅस्टिकवाली पोरगी आली. माझ्या भूमितीच्या वहीवर ती एका अरुंद लाकडी दांडीवर हातांवर उलटी उभी होती, पाय कैचीसारखे फाकलेले. तुझ्या इतिहासाच्या वहीवर तीच पोरगी त्याच दांडीवर बसलेली, एक पाय लांब पसरलेला, हात वर, आणि हसत होती. खाली नाव छापलेलं असणार, पण कव्हर घालताना ते घडीत आत गेलं, आणि कव्हर काढलं तर नागनाथ गुरुजी कान पिळतील म्हणून आपण ते कधी काढलंच नाही. ती कोण होती ते मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं रुमानियाची नादिया, कधी वाटतं रशियाची नेल्ली. पण नादियाचा चेहरा एवढा हसरा नव्हता, निदान मी पाहिलेल्या फोटोंत तरी नाही. तुला काय वाटतं?

पण आपल्याला नावाची एवढी पडली नव्हती. आपल्याला एकच कोडं पडलं होतं, की उलटी उभी असलेली पोरगी बसली कशी? दोन वह्या बाकावर शेजारी ठेवून आपण तासन्‌तास बघायचो आणि मधलं काहीच दिसायचं नाही. मी म्हणायचे, कुणीतरी तिला उचलून बसवलं असेल. नागनाथ गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "पडली आसंल अन् पडल्यावर हसली आसंल. फळ्याकडं बघा." चार दिवसांनी मला ओढत खळ्यावर नेलंस. आमच्या गोठ्यावर नवे पत्रे घातले तेव्हा काढलेलं सागवानी आढं तिथे पडलं होतं. ते तू दोन धोंड्यांवर ठेवलंस. लाकूड गोल, त्यामुळे ते लोळायचं. मग तू मला म्हणालीस, "कस्तुरे, तू लय जड हायस. ह्या टोकाला बस अन् हालू नगंस." माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला असा तो आयुष्यातला पहिला प्रसंग.

आणि तू ते मधलं शोधून काढलंस. मेंढरांमागे बांधावरून आणि दगडांवरून चालून तुझे पाय तयार झाले होते, तसे माझे सात जन्मांत झाले नसते. हातांवर उभी राहायचीस. मग डावा पाय हळूहळू खाली आणून मनगटाच्या अगदी शेजारी टेकवायचीस, सगळं अंग त्या एका पायावर तोलून अर्धी गिरकी घ्यायचीस, आणि बसण्याआधी डावी टाच लाकडावर दोनदा घासायचीस. टाच का घासायची असं मी विचारलं तर म्हणालीस, कुसळ काढल्याबिगर कुणी बसतंय का. मला ते इतकं पटलं की त्या रशियाच्या पोरीच्या पायालाही कुसळं लागत असणार याची माझी खात्री झाली.

तू गेल्यावर हे वेड माझ्यात राहिलं. पेपरातली कात्रणं, रद्दीतली मासिकं, जे मिळेल ते जमवलं. अठ्ठ्याऐंशी साली सेऊलचं ऑलिम्पिक लागलं तेव्हा खास ते बघायला परभणीला दादाच्या क्वार्टरवर जाऊन राहिले. वहिनीला वाटलं, माहेरपणाला आलीय. रुमानियाच्या दानिएलाला सात वेळा दहापैकी दहा मिळाले आणि मी सातही वेळा टाळ्या वाजवल्या. पण एक सांगू? पहिल्यांदा एक पोरगी दांडीवर हातांवर उभी राहिली तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. ती पापणी लवायच्या आत खाली आली आणि पुढच्या उडीला लागली. गिरकी नाही, टाच नाही. मी मोठ्याने म्हणाले, चुकली ही! दादा इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मला मात्र खरोखर वाईट वाटलं. आता तर मला आधीचंच सगळं बरं वाटतं. तेव्हाच्या पोरी दोन दांड्यांच्या खेळात वरच्या दांड्याला झोका घेऊन खालच्या दांड्याला पोटाने घडी घालायच्या आणि तिथून परत उसळायच्या. आता ते दोन दांडे एकमेकांपासून इतके लांब नेलेत की ती घडीच संपली. बार्सिलोना मी आमच्या घरच्या टीव्हीवर पाहिलं. एवढ्याएवढ्याशा पोरी भिंगरीसारख्या फिरतात, कौतुकच आहे, पण थांबून हसायला कुणाला सवड नाही. माझा नवरा म्हणतो, जे बघितलंच नाही त्याची तुला आठवण कशी येते? त्याला काय सांगू? मी बघितलंय. आढ्याच्या टोकाला बसून बघितलंय.

आता त्या दिवसाचं. संक्रांतीला आठवडा होता. तुमची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला होती. तू उलटी उभी राहिलीस, डावा पाय मनगटाशी टेकवलास, आणि तेवढ्यात आप्पा पाहुण्यांना घेऊन खळ्यावर आले. आमच्या घरात आप्पा दिसले की बसलेलं माणूस उठतं. म्हातारी आत्या उठते, तापात असलेलं पोर उठतं. मी उठले. विचार केला नाही, पदर नसताना पदर सावरायला हात नेला आणि उठले. आढं लोळलं, तू खाली, आणि ते लाकूड तुझ्या घोट्यावर. आप्पांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, म्हाळसाचा पाय घसरला. तू जमिनीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलंस. तुझे वडील, अंगदमामा, आप्पांपुढे हात जोडून म्हणाले, पोरीला माकडचाळे करायची खोडच हाय. मी तेव्हाही गप्प. पाय सुजून भोपळा झाला, झाडपाला बांधला, कासाबाई मामींनी तुला शाळेतून काढलं. संक्रांतीनंतर तुमचं बिऱ्हाड निघालं तेव्हा तू घोड्यावर सामानात बसलेली होतीस, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. शाळेत राहिलेली तुझी इतिहासाची वही मी हातात घेऊन उभी होते. ती द्यायची होती, दिली नाही. लाज वाटली, म्हाळसा. अजून वाटते.

हे सगळं इतक्या वर्षांनी का लिहितेय ते आता सांगते. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी आमच्या मैदानावर आसपासच्या शाळांच्या क्रीडास्पर्धा होत्या. मी लंगडीचे गुण लिहीत होते. मैदानाच्या कडेला विजेचा एक सिमेंटचा खांब वर्षभर आडवा पडलाय. त्यावर एक दहा वर्षांची काळीसावळी पोरगी हातांवर उभी राहिली. डावा पाय हळूच मनगटाशी टेकवला, अर्धी गिरकी घेतली, आणि बसण्याआधी डावी टाच खांबावर दोनदा घासली. माझ्या हातातला कागद कुठे गेला मला कळलं नाही. जगातल्या कुठल्याच टीव्हीवर जे कधी लागलं नाही, ते ही कुठून शिकली? जवळ गेले तर खांबाच्या टोकाला तिची एक मैत्रीण बसलेली. मला नवल वाटलं, कारण तो खांब चार बैलांनीही हलायचा नाही. तेवढ्यात आमचे हेडमास्तर माणिकराव आरडतओरडत आले. सगळ्या पोरी ताडकन उभ्या राहिल्या, मीसुद्धा सरळ झाले. टोकावरची ती एकटी बसूनच. माणिकराव म्हणाले, उठता येत नाही का गं? तर खांबावरची पोरगीच उत्तरली, "ती उठायची न्हाई, गुरुजी. माझी आई घरी लाकडाच्या टोकाला बसती, आजा आला तरी उठत न्हाई. म्हणती, कुणी बी येऊ दे, पोरगी खाली उतरल्याबिगर उठायचं न्हाई." मी तिला आईचं नाव विचारलं नाही. तुझं नाव सांगून बघितलं, आणि ती, तुझी शेवंता, हसली. तुझ्या वहीवरची ती हसायची ना, तशीच. आई स्वतः करून दाखवते का, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते लेकराला विचारायचं नव्हतं, तुला विचारायचं होतं. तिच्या गुरुजींच्या हाती हे पत्र आणि तुझी इतिहासाची वही पाठवतेय. तुझा पाय घसरला नव्हता, म्हाळसा. मी उठले होते. गाड्या सुरू झाल्या की पहिल्या रविवारी येते. पायाचं जे असेल ते तोंडावर सांग, शिव्या द्यायच्या तर त्याही दे. नंतर मला त्या लाकडाच्या टोकाला बसव. मी आता आणखी जड झालेय.

तुझीच, त्या दिवशी उठलेली,
कस्तुरा