साडूभाऊंस, आमच्या अठरा हजार लिफ्टविषयी

आदरणीय साडूभाऊ,

वाकून नमस्कार. (कंबर आखडली आहे, त्यामुळे नमस्कार अर्ध्यापर्यंतच आला. उरलेला तुम्ही समजून घ्यावा.) आम्ही सगळे इथे ठीक आहोत. तुम्ही, ताई आणि चिरंजीव ठीक असणारच, कारण तुमच्या देशाचा विकासदर साडेसात टक्के आहे हे तुम्ही मागच्या तिन्ही पत्रांत कळवलं आहे, आणि आमचा सहा पूर्णांक नऊ आहे हे चौथ्यात. साडेसात टक्क्यांत माणसाला साधी सर्दीसुद्धा होत नसेल. मला इथे झाली आहे. तुमच्या चौदाव्या मजल्यावरून दिसणाऱ्या नव्या उड्डाणपुलाचा फोटो मिळाला. पूल देखणा आहे. तो कुठून कुठे जातो ते फोटोत आलेलं नाही, पण एवढ्या मोठ्या देशात कुठेतरी जातच असेल. आपल्या सासूबाईंचं एकवीस तारखेचं तिकीटही मिळालं. हे पत्र खरं तर त्या तिकिटाविषयीच आहे, पण तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल, कारण आमच्या गल्लीप्रमाणे माझ्याही वाटेत खोदकाम फार आहे.

गल्लीचं सांगतो. तुम्हाला वाटतं वाढ फक्त तुमच्याकडेच होते. आमची गल्ली या वर्षात चार वेळा खोदली. आधी पाण्याच्या नळासाठी, मग तारांसाठी, मग नळ टाकताना तुटलेल्या तारांसाठी, आणि शेवटी तारा जोडताना फुटलेल्या नळासाठी. आमच्या ऑफिसच्या हिशेबात खोदणं ही वाढ असते आणि बुजवणं ही वेगळी वाढ असते. तिसऱ्या खड्ड्यात तुमच्या मेहुणीचा पाय मुरगळला, तेव्हा तिचा एक्स-रे, तिचं प्लास्टर आणि रिक्षाच्या चार खेपा, हे सगळं देशाच्या उत्पन्नात जमा झालं. ती घरी पाय वर करून पडली होती आणि देश पुढे चालला होता. मी तिला हे समजावून सांगितलं, तर तिने उशी फेकून मारली. (उशी जुनीच होती, त्यामुळे त्याची कुठे नोंद झाली नाही.)

आता आई, म्हणजे आपल्या सासूबाई. पंधरा दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडून आल्या त्याला येत्या चोवीस तारखेला सहा महिने पुरे होतील. या सहा महिन्यांत त्यांनी तुमच्या देशाची जी बाजू मांडली आहे, ती तुमच्या सरकारने पगार देऊनसुद्धा कुणी मांडली नसती. सकाळी आमचा नळ एक तास येतो. तो गेला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, मोठीकडे नळ कधी जातच नाही हो. मी अकरा पायऱ्या चढून धापा टाकत घरात आलो की, मोठीकडे लिफ्ट आहे, आत आरसासुद्धा आहे. पंखा थांबला की मोठीकडचा पंखा. दूध नासलं तरी मोठीकडचा फ्रिज. मी जावई माणूस, मूग गिळून बसतो. पण रोज सकाळी चहाबरोबर दुसऱ्या देशाकडून हार पत्करायची म्हणजे चहा घशाखाली उतरत नाही हो. आणि वर तुमची पत्रं. मला वाटायचं तुम्ही दोघांनी संगनमत केलं आहे.

तर झालं असं. माझं ऑफिस तुम्हाला माहीत आहे. लोक कसे राहतात ते मोजणं हे आमचं काम, आणि मोजता मोजता आम्ही कसे राहतो ते कुणी विचारत नाही. यंदा आमच्या देशाने आणि तुमच्या देशाने मिळून ठरवलं की दोन्हीकडे एकच बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा आणि राहणीमानाची तुलना करायची. तुमच्याकडे गेल्या वर्षी भरून झाला, आम्ही नेहमीप्रमाणे आता भरतो आहोत. आमच्या मोठ्या साहेबांना परिषदेत तक्ता दाखवायचा आहे, आणि त्यात आपला रकाना उंच दिसला पाहिजे, असं त्यांनी कुणालाही न सांगता सगळ्यांना कळवलं आहे. संगणकाने सोडत काढली आणि त्यात नेमकं माझंच घर निघालं. घर बदलता येत नाही असा नियम आहे. आपलं घर आपण मोजायचं नाही असाही नियम आहे. म्हणून माझ्या घरी आमचा दशांश आला.

दशांश म्हणजे आमचा पर्यवेक्षक. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण बायकोसुद्धा दशांश म्हणत असावी. मुलगा परीक्षेत पास झाला तेव्हा याने पेढे वाटायच्या आधी टक्केवारी दोन आकड्यांपर्यंत काढली. नियम मोडणं सोडाच, तो नियमाच्या बाजूने चालतानासुद्धा अंग चोरतो. आमच्या पुस्तिकेत एक नियम आहे, की उत्तर देणाऱ्याच्या तोंडून येईल तेच लिहावं, आपल्या डोळ्यांनी पाहून त्यात भर घालू नये. दशांश आला तेव्हा मी ऑफिसात, तुमची मेहुणी शाळेत शिकवायला आणि आमची लेक शाळेत शिकायला. दार आईंनी उघडलं. दशांशला पाणी दिलं आणि बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली.

चार दिवसांनी तो फॉर्म तपासणीला माझ्याच टेबलावर आला. घर क्रमांक माझा, गल्ली माझी, आणि आत काय? पाणी चोवीस तास. लिफ्ट आहे, आरशासकट. कपडे धुवायचं मशीन आहे. गाडी आहे, करड्या रंगाची. गॅलरी दोन. साडूभाऊ, मी घर क्रमांक पुन्हा एकदा तपासला. अकरा पायऱ्या चढून आलेल्या माणसाने समोर बसून, बादली-तांब्या बघत, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, लिफ्ट आहे. मी दशांशला गाठलं. तो शांतपणे म्हणाला की पायऱ्या मी पाहिल्या, पण पायऱ्यांबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या गणितात सोडतीतलं एक घर म्हणजे त्याच्यासारखी अठरा हजार घरं धरतात. म्हणजे आईंनी एका दुपारी अठरा हजार घरांना लिफ्ट बसवल्या, अठरा हजार करड्या गाड्या वाटल्या आणि छत्तीस हजार गॅलऱ्या बांधल्या. तक्त्यातला आमचा रकाना तुमच्यापेक्षा बोटभर उंच झाला. मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. (बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ते पंख्याचं बटण शोधत होते.)

आता यात मेख अशी. आमच्या नियमाप्रमाणे जो माणूस सहा महिने एका स्वयंपाकघरातलं जेवला तो घरचा. त्याच्या आतला तो पाहुणा, आणि पाहुण्याचं उत्तर बाद. आई एकवीसला तुमच्या तिकिटाने निघाल्या तर त्या पाहुण्या ठरतात, फॉर्म रद्द होतो, मी सुटतो आणि देश बोटभर खाली येतो. चोवीसपर्यंत राहिल्या तर त्या घरच्या, फॉर्म पक्का, आणि मग एक तर मी माझ्या घरी लिफ्ट आहे अशी सही करायची, नाहीतर माझ्याच घरातून खोटी माहिती का गेली याचा लेखी खुलासा द्यायचा. खुलासा देणाऱ्यांची बदली आमच्याकडे तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत होते. तिथून वर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. साहेबांनी दोनदा आईंच्या तब्येतीची चौकशी केली. चोवीसपर्यंत त्यांना दगदग होऊ देऊ नका, म्हणाले. देशाच्या प्रगतीची एवढी नाजूक अवस्था मी आधी पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी आईंना विचारलं. रागावलो नाही. (थोडा रागावलो. तुमची मेहुणी म्हणते, बराच.) म्हटलं, परक्या माणसाला मोठीच्या घरातलं सगळं आपल्या घरातलं म्हणून का सांगितलंत? आमची एवढी लाज वाटते का? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाज कसली? समोर आहे ते काय सांगायचं? जी लेक समोर नाही तिचंच घर सांगत बसते मी."

मी समोर बसून भाजी निवडू लागलो. आणि मग मला तुमच्या गेल्या वर्षीच्या पत्रातला किस्सा आठवला, जो वाचून मी दोन दिवस पोट धरून हसलो होतो. तुमच्याकडे फॉर्म भरायला एक मुलगी आली, आणि आठवड्याने तिचे साहेब चौकशीला चौदाव्या मजल्यापर्यंत लिफ्टने चढून आले, की या घरात लिफ्ट नाही, पाणी एक तास येतं आणि रस्ता खोदलेला आहे असं लिहिलंय, ते खरं का? तुम्ही तुमच्या सरकारच्या नावाने बोटं मोडली होती. अहो, सरकार कुठलं? मी ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या की त्या मुलीला दार आईंनीच उघडलं होतं, आणि तुमच्याकडे असताना आई वर्षभर आमचंच गात होत्या. धाकटीकडे दार उघडलं की माणूस दिसतो. धाकटीकडे साखर संपली तर खाली चपला न घालता जाता येतं. धाकटीकडे जावई घरी आले की आधी हाक मारतात. तुम्ही ते ऐकून ऐकून इतके जेरीस आलात, की मला उड्डाणपुलाचे फोटो पाठवू लागलात. आणि मी समजत होतो की तुम्हाला गर्व झाला आहे!

म्हणजे विचार करा. दोन अवाढव्य देश, त्यांची दोन खाती, शेकडो दशांश, बेचाळीस प्रश्न. तुमच्या रकान्यात माझा नळ आणि माझ्या रकान्यात तुमची लिफ्ट. आणि या तक्त्यावर परिषदेत दोन दिवस भाषणं होणार, कुणाचं धोरण बरोबर आणि कुणाचं चुकलं.

तेव्हा माझी कळकळीची विनंती अशी, की आईंना एकवीस तारखेला न्या. उशीर नको. माझी बावीस वर्षांची नोकरी त्या तीन दिवसांवर टांगलेली आहे. तुमच्याकडे चोवीस तास पाणी आहे, आरसा असलेली लिफ्ट आहे, साडेसात टक्के आहेत. आमच्याकडे काय आहे? स्वयंपाकघरातून येणारा आवाज तर आम्हालाही नको झाला आहे. कळावे. ताईंना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, आणि पुलाला आमच्यातर्फे शुभेच्छा.

तुमचा,
सहा पूर्णांक नऊ टक्क्यांतला साडू

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद मी साहेब मागे उभे असताना लिहिला. म्हणजे साहेब नव्हते, पण असल्यासारखं वाटत होतं. तो वाचू नये.

ता. क. २. तिकीट मी बदलून घेतलं आहे. एकवीसऐवजी दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली, तुम्हाला न विचारता. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला तुमच्याशी भांडावं लागलं असतं. खुलासाही काल देऊन टाकला. त्यात लिहिलं की माझ्या घरी लिफ्ट नाही, पाणी एक तास येतं, बाकी माहिती माझ्या मेहुणीच्या घरची आहे, आणि उत्तर देणारी बाई माझ्या घरची आहे. दशांशने तो वाचला आणि पहिल्यांदाच काही न मोजता माझा हात हातात घेतला. देश बोटभर खाली आला आहे, तुम्हाला आनंद होईल. सोमवारपासून मी तळघरात. जागा बरी आहे, थंड आहे, आणि तिथे साहेब येत नाहीत. नाही म्हणायला जरा वाईट वाटतंच. पण सहा महिने ज्या बाईच्या हातचं जेवलो तिला कागदावर पाहुणी लिहायला हात धजला नाही.

ता. क. ३. सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. फॉर्ममधला पहिला प्रश्न मी शेवटी पाहिला. घरात माणसं किती? आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, आईंना धरून. आईंनी सांगितलंय सात. दशांशने नावं नीट लिहून घेतली आहेत, त्यात तुम्ही आहात, ताई आहेत, चिरंजीवही आहेत. ताईंना फोनवर विचारलं, तुमच्याकडच्या मुलीने किती लिहून घेतली होती? तिथेही सातच. म्हणजे गेलं वर्षभर आम्ही तिघं तुमच्या चौदाव्या मजल्यावर राहतो आहोत आणि तुम्ही पाण्यालाही विचारलं नाहीत. असो. माझ्या चहात साखर अर्धा चमचा. आणि तुमचं अंथरूण आम्ही खिडकीशी घातलं आहे, लवकर या.