चाकाभोवतीचा कठडा

बाबा, तुमची गिरणी परत उघडली. घाबरू नका, भोंगा नाही वाजत. लढाईच्या आधीच कुलूप लागलेलं, मग पत्रे उडाले, वटवाघळं आली, आणि आता स्वराज्यात ती झाडूनपुसून पोरांसाठी शास्त्राचं म्युझियम केलंय. काचेतून मुंगी उंदराएवढी दिसते म्हणे! कोलशेतहूनसुद्धा पोरं येतात गाड्या भरून. माझी नात शाळेबरोबर जाऊन आली नि मागेच लागली, "आजी, चल ना गं. तुझ्या बाबांचं चाक आहे तिथे." मी नाही म्हटलं, तर पोरीने तोंड फुगवलं ते फुगवलंच.

तिला काय सांगू? तुम्ही गेलात त्या वर्षीची खंडेनवमी. त्या दिवशी गिरणीत बायकापोरांनाही आत सोडायचे, यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार. आदल्या साली तुम्ही मला कडेवर घेऊन तेलाची बुधली दाखवलेली. "ह्याला पण तहान लागते गं," म्हणालेलात. तेल घालायचं ते चाक चालू असतानाच, थांबवलं की मुकादम आईबहिणीवरून बोलायचा. चाकावरच्या चामडी पट्ट्यात तुमच्या सदऱ्याची बाही गेली नि... राहू दे. तर त्या खंडेनवमीला त्याच चाकाला हार घातलेला. आईने तो ओरबाडून फेकला. मुकादम म्हणतो, "वहिनी, रीत आहे." आई म्हणाली, "माणूस खाल्ल्यावर पण?" घरी येताना तिने माझा हात घट्ट धरून शपथ घातली, पुन्हा त्या दारात पाऊल टाकलंस तर माझी लेक नव्हेस. तेव्हापासून आमच्या घरात झेंडू आला नाही. दसऱ्यालासुद्धा नाही, आता बोला!

आई जाऊनही खूप वर्षं झाली, शपथ मात्र गेली नाही. तरी काल गेले. नातीचा चेहरा बघवेना. दाराशी चपलांचा ढीग. जुने गिरणीवाले आलेले ना, खंडेनवमीला चपला काढून आत जायची सवय. मीही काढल्या. एक चष्मेवाला साहेब धावत आला, "आजी, चपला घाला, हे देऊळ नाही."

"ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे, बाळा?" मी म्हटलं.

चाक तिथेच आहे, बाबा. हिरवा रंग दिलाय, छान दिसतो. आणि सगळीकडून लोखंडी कठडा, माझ्या छातीएवढा, पट्ट्यावर जाळी. मी विचारलं, "हे कशाला?" साहेब म्हणाला, "मुलं हात घालतात हो. कोणाला इजा व्हायला नको." केवढंसं लोखंड! आमच्या गल्लीतल्या लोहाराने दुपारच्या जेवणाआधी करून दिलं असतं. तुमच्या वेळी कोणाला का नाही सुचलं? का सुचलेलं आणि नको वाटलं? मी तो कठडा धरून उभी राहिले. नात म्हणते, "आजी, रडतेस?" म्हटलं, "नव्या रंगाचा वास चढला गं."

मग साहेबाने बटण दाबलं. विजेवर फिरवतात आता. पट्टा सळसळला, चाक हळूहळू वळलं, आणि पोरं ओरडली, नाचली. तिसरीपर्यंत शिकलेली मी, माझं अक्षर असलं, आणि हा कागद पाठवणार तरी कुठे? पण आईला हे कळू देऊ नका. पोरांबरोबर मीपण टाळ्या वाजवल्या, बाबा. फार सुरेख फिरत होतं ते.