नातेवाइकांची शेड

८ नोव्हेंबर १९९५, बुधवार

ऑफिसात आता एकदम दोन हॉस्पिटलं. गुडगावचं काचेचं चालूच आहे. लॉबीत कारंजं असावं की नसावं, यावर आज पुन्हा चर्चा. दुसरं आजच आलं, सरकारी. खेड्यांसाठी तीस खाटांच्या रुग्णालयाचा नमुना नकाशा. एकदाच काढायचा, मग जिथे जिथे मंजुरी मिळेल तिथे तसाच उभा राहणार.

भसीन सर म्हणाले, "कौन करेगा?" सगळे कारंज्याच्या नकाशाकडे बघत होते. मी हात वर केला. शाळेत असताना कधी केला नव्हता. उशिरा गेले शाळेत, आणि घरी बाबांसमोर काय हात वर करणार.

करोल बागेच्या ऑफिसातून लक्ष्मीबाई नगरला मावशीकडे येईपर्यंत बसमध्ये एकच विचार. हे काम चुकलं तर एका जागी चुकणार नाही. सगळीकडे चुकेल.

१० नोव्हें.

सरकारी यादी आली. बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिकक्ष, औषधांचं कोठार, जनरेटर, डॉक्टरांची जेवणाची खोली, सायकल स्टँड. पुन्हा वाचली. तिवारीजींना वाचायला दिली. (तिवारीजी म्हणजे आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. कंप्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागतं म्हणून आत पाऊल टाकत नाहीत. "मंदिर मेरे घर में है," म्हणतात.)

नातेवाईक कुठेच नाहीत. पेशंट येणार, झोपणार, बरा होऊन जाणार. एकटाच.

आमच्याकडे कोण एकटं आलं होतं कधी? आई डॉक्टर, तिच्या हॉस्पिटलच्या बारा खाटा, माणदेशातलं ते गाव. बाळंतीण आली की मागून सासू, आई, धाकटी नणंद, कळशी, पिठाचं गाठोडं, कधी शेळीसुद्धा. हॉस्पिटलच्या मागे पत्र्याची शेड होती. तीन-तीन दगडांच्या चुली. सकाळी फिनेलचा आणि भाजलेल्या मिरचीचा वास एकदम यायचा. अजून दोन्ही वास वेगळे करता येत नाहीत मला.

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नाही. औषधं आणि हिशेब सांभाळून बाबाच शिकवायचे. त्यांचा भूगोल असा : "जा, शेडमध्ये विचारून ये. कुठून आले, कसे आले." मी येऊन सांगायची. ओढ्यापर्यंत बैलगाडी, पुढे दुधाची गाडी, मग फाट्यापासून चालत. तो रस्ता बाबा मला भिंतीवरच्या कागदावर काढायला लावायचे. हॉस्पिटल मध्यभागी आणि चहूकडून येणाऱ्या रेघा. कागद पुरला नाही तेव्हा शेजारी दुसरा चिकटवला. मी काढलेला पहिला नकाशा तो. बाबा गेल्यावर कुठे गेला कोण जाणे.

१४ नोव्हें.

वॉर्डाच्या मागे शेड काढली. चुलींचे ओटे, बसायला कट्टा.

भसीन सर : "ये पिछवाड़े में क्या है?"

"सर, रिश्तेदारों के लिए. खाना बनाने का शेड."

"हॉस्पिटल है या पिकनिक स्पॉट?"

सगळे हसले. मीही हसले. का हसले?

"लिस्ट में है? नहीं ना? हटाओ."

१६ नोव्हें.

चहा पिताना तिवारीजी हळूच म्हणाले, "बेटा, लिस्ट में साइकिल स्टँड तो है. उसी को बड़ा कर दो, पीछे ले जाओ. छत वही, खंभे वही. बनने के बाद कौन साइकिल गिनने आएगा?"

त्यांच्या अम्मा आजारी होत्या तेव्हा जिल्ह्याच्या इस्पितळात भर पावसात त्यांनी एका हाताने छत्री धरून लिट्टी, म्हणजे सातू भरलेले कणकेचे गोळे, भाजली होती. "आधी कच्ची, आधी जली. अम्मा बोलीं, इससे तो बीमारी अच्छी."

खूप हसलो. मग काय करावं सुचेना. उपाय बिनचूक आहे. शेड होईल, पत्रा होईल, माणसं पत्र्याखाली शिजवतील. पण नकाशावर लिहिलेलं असेल सायकल स्टँड. उद्या एखादा शिस्तीचा डॉक्टर येईल, म्हणेल, इथे चुली? उठा. आणि त्याचं बरोबर असेल. कागद त्याच्या बाजूने असेल. शिजवणाऱ्या बाईकडे दाखवायला काय?

की हे नंतर सुचलेलं कारण आहे, आणि मला फक्त खोटं लिहायची भीती वाटते? ठरवता येत नाही. गॅसचं बटण दोनदा पाहून आले.

२३ नोव्हें.

धुरकट हवा. छाती जड. पंप पर्समध्ये.

मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी नवी आहे शुभा, सरांशी वाद नको गं." मिनूने दहावीच्या पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "चूल म्हणजे स्टोव्हच ना?" सांगायला गेले. दगड, राख, फुंकणी. फुंकणी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "अच्छा, बार्बेक्यू टाइप." मावशीचा मुलगी दिल्लीत वाढवल्याचा पश्चात्ताप पुन्हा सुरू.

डिसेंबर १, शुक्र.

आई आली! निजामुद्दीनला उतरली ती ज्वारीचं पीठ, कुरडया आणि स्टेथोस्कोप घेऊन. "तो कशाला आणलास?" तर म्हणे, "डब्यात कोणी ना कोणी आजारी असतंच." होतंही म्हणे, भुसावळला.

हॉस्पिटल आता अर्धंच चालतं. नवा डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस तालुक्याहून येतो. बाकीचे दिवस आई. निवृत्त झाले असं सगळ्यांना सांगते आणि सकाळी जाऊन बसते.

२ डिसें.

आईला गुडगाव दाखवायला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी आणि मधेच वीस मजले. हॉस्पिटलच्या लॉबीत ग्रॅनाइट बसवत होते. आईने चप्पल काढून पाऊल घासून बघितलं. "गुळगुळीत आहे गं. ओल्या पायाने कोणी आलं तर?"

"इथे ओल्या पायाने कोणी येत नाही, आई."

"बरं आहे." जरा वेळाने, "नातेवाईक कुठे असतात?"

"कॅफेटेरिया आहे वर."

"बरं आहे." उपरोधाने म्हणाली नाही. खरंच बरं वाटलं तिला. मलाच कसंतरी झालं.

३ डिसें., रवि.

आज नकाशा दाखवला. म्हणजे पहिला, शेड असलेला. वाटलं होतं आईचे डोळे भरून येतील. इतके दिवस या एका क्षणाची वाट बघत होते हे आत्ता लिहिताना कळतंय.

आईने चष्मा लावला. बोटाने वॉर्ड, प्रसूतिकक्ष, मग मागे. बोट थांबलं.

"ही काढलीस? अगं, ही बंद व्हावी म्हणून मी जन्मभर भांडले."

धूर सरळ वॉर्डात यायचा म्हणे. सिझेरियनच्या बायका खोकून खोकून टाके ताणायच्या. एकीचा पदर पेटला होता. मला त्या दिवशी बाबांनी मळ्यात नेलं होतं, म्हणून माहीत नाही.

मी म्हटलं, पण त्या गायच्या, आई. पहाटे. मला भाकरी थापायला शिकवली त्यांनी. माझी सगळी शाळा...

"गाणी तुझ्या वाट्याला आली, शुभा. छान झालं. पण तुझा दमा कशाने होता असं वाटतं तुला?"

मग मावशी, "ताई, पोळ्या गार होतायत."

४ डिसें.

दमा म्हणून शाळा नाही. शाळा नाही म्हणून शेड. आणि शेड म्हणून दमा. बाबांना ठाऊक असेल? ठाऊक असून पाठवलं असेल? नाही. तेव्हा कोणालाच एवढं... विचारवत नाही आईला.

ऑफिसात बसून नुसती रेघेवर रेघ.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. मी न विचारताच म्हणाली, "नसती ना ती शेड, तर लोक राहिलेच नसते. जिथे शिजवायला जागा नाही तिथे बाळंतीण ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजेवर घालून नेलं असतं. म्हणून बंद करता आली नाही मला."

"मग काढू की नको?"

"काढ. वॉर्डाला चिकटून नको. लांब ने. त्या बाजूला खिडकी देऊ नकोस."

सायकल स्टँडचं सांगितलं. आई इतकी हसली की मटार सांडले. "तिवारी हुशार आहे. मी तेच केलं असतं."

म्हणजे माझ्या बाजूने कोणीच नाही. आईसुद्धा.

११ डिसें.

सरांच्या केबिनमध्ये गेले. शेड लांब नेली आहे, खिडक्या फिरवल्या आहेत, पण तिला तिचं नाव लिहीन. नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाला द्या. हे वाक्य बसमध्ये हिंदीत पाठ केलं होतं, तरी मधेच अडकले.

सरांनी समोरची फाइल बंद केली. मग, "मेरी नौकरी नहीं है शुभदा, दुकान है. ये लोग नाराज़ हुए तो अगला काम नहीं आएगा. समझती हो ना?"

"जी."

"ठीक है. मीटिंग में जवाब तुम दोगी."

आई काल गावी परत गेली. तिच्या अंथरुणाला अजून तिच्या साबणाचा वास.

१९ डिसें.

मीटिंग. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी इमारतीत. लांब टेबल, मारी बिस्किटं, प्रत्येकापुढे पाण्याचा झाकलेला ग्लास. भिंतीवर नकाशे मीच लावले, एक पिन जमिनीवर पडली, ती शोधत बसले तेव्हा सर खाकरले.

एका साहेबांनी मोठ्याने वाचलं, "रिश्तेदारों की रसोई?" आणि सगळ्यांकडे बघितलं.

मी उभी राहिले. मरीज़ अकेला नहीं आता सर. जे घरून येतात ते शिजवणारच. जागा दिली नाही तर जिन्याखाली शिजवतील, किंवा मरीज़ को उठा ले जाएँगे.

कोपऱ्यातले एक म्हातारे डॉक्टर : "और धुआँ?"

धुराचं सांगितलं. टाक्यांचं, पदराचं. अंतर दाखवलं. आईचेच शब्द, हिंदीत.

"आपने ये कहीं देखा है, या पढ़ा है?"

"मैं वहीं पढ़ी हूँ, सर."

त्यांना तो विनोद वाटला. हसले. पण त्या हसण्याने जरा सैल झाली मंडळी. आपसांत बोलले. मग साहेब म्हणाले, "चलो, ऑप्शनल रखते हैं. डॉटेड लाइन में दिखा दीजिए. जिस राज्य को बनाना हो, बनाए." पुढचा विषय जनरेटर.

बाहेर आल्यावर सरांनी पाठीवर थोपटलं. मला आनंद झाला होता. पार मंडी हाउसच्या बस स्टॉपपर्यंत. तिथे 'ऑप्शनल' हा शब्द आठवला.

२० डिसें.

तिवारीजी : "डॉटेड लाइन समझती हो बेटा? ठेकेदार की ज़ुबान में उसका मतलब है, छोड़ दो." रागाने नाही, चहा ओतताना. "साइकिल स्टँड रहता तो बन जाता."

सायकल स्टँड आहेच. पुढच्या दाराशी, ठळक रेघेत, यादीत आहे तेवढा.

म्हणजे खोटं लिहिलं असतं तर कुठेतरी कोणीतरी पत्र्याखाली बसलं असतं. खरं लिहिलं तर माझे हात स्वच्छ आणि ती बाई पावसात. बाबांनी काय सांगितलं असतं? त्यांचा आवाज आठवायला गेले तर नुसतं "कुठून आले, कसे आले" एवढंच ऐकू येतं.

२७ डिसें.

एसटीडी बूथवरून आईला. फोन तिच्या शेजारच्या किराणा दुकानात, म्हणून ती येईपर्यंत दुकानदाराकडून गावचं हवामान.

सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवा डॉक्टर एक तारखेपासून येणार नाही म्हणाला. गुडगावसारखं काहीतरी मिळालंय पुण्यात."

"मग?"

"मग काय. मी आहे." आणि लगेच, "शेडचं सोड. पावसाळा सोडला तर उघड्यावर शिजतं. पाणी कुठे दिलंस?"

"आत. वॉर्डाच्या मोरीत."

"म्हणजे घागरी घेऊन आत येणार. बाळंतिणींच्या मधून."

मीटर पळत होतं. बूथवाला माझ्याकडे न बघितल्यासारखं करत होता.

३ जानेवारी

शेवटच्या प्रतीवर शाई. डॉटेड रेघा एकसारख्या येत नाहीत. हात थांबतो की ठिपका फुगतो. दोनदा ब्लेडने खरवडून पुन्हा काढल्या.

बाहेरचे नळ यादीत नाहीत. पण मनाईही नाही. तिसऱ्यांदा वाचून खात्री केली. मग डॉटेड चौकोनाशेजारी, मोकळ्या जमिनीवर, एक नळ काढला. खाली फरशी, सांडपाण्याची नाली. अखंड रेघेत.

संध्याकाळी सर सही करायला आले. पेन उघडून वाकले.

"ये नल किसलिए? गार्डन के लिए?"

हो म्हटलं असतं तर झालं असतं. शब्द त्यांचाच होता, मी नुसती मान हलवायची होती.

"नहीं सर. जो बाहर रुकेंगे, उनके लिए."

सर सरळ झाले. पेनाला टोपण लावलं. "तुम भी ना," म्हणाले. आणि, "कल देखते हैं."

सही नाही. पण खोडायलाही सांगितलं नाही. बोर्डावर कापड घातलं, पर्स घेतली, जिन्यापर्यंत गेले. परत येऊन कापड उचलून पाहिलं.

आहे.