गच्चीवरच्या काचघराची वाटणी

मी, बबनराव निवृत्ती काळदाते, वय ६८, मूळ जिल्हा धाराशिव, हल्ली राहणार रहाटणी, धंदा फॅब्रिकेशन, आज सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. तब्येत ठणठणीत आहे. घाई एवढ्यासाठीच, की बाहेर ऊन मी म्हणतंय आणि माझ्या गच्चीवरच्या काचघरात पालक तळहाताएवढा झालाय! यापूर्वीचं मृत्युपत्र रागात केलं होतं. ते रद्द समजावे.

१. बँकेतली सर्व शिल्लक आणि तळमजल्यावरची आमची खोली पत्नी मंजुळाबाई हिला. शिल्लक किती ते तिला ठाऊक आहे. मुलांनी विचारू नये.

२. चाकणचं वर्कशॉप, वेल्डिंग मशीनसह, कन्या स्वरूपा हिला. आजही तीच चालवते. सोबत माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवून, मूठ कानाला लावून मी तीस वर्षं कंपन्यांच्या प्रेसमधलं खराब बेअरिंग नुसत्या आवाजावरून सांगितलं. मुलगे हसायचे. स्वरूपाने कान लावून पाहिला.

३. माझ्या स्वकष्टार्जित घराचा पहिला मजला थोरला रविराज यास, दुसरा धाकटा सुजित यास. खाली गाडी एकच मावते आणि गाड्या दोन. त्यावरून चौदा महिने झाले, भाऊ भावाशी बोलत नाही. निरोप आईकरवी जातात, तेही जिन्यात ओरडून. सबब ती जागा कोणालाच नाही. तिथे शेणखताची पोती राहतील.

४. आता काचघर. भंगारातल्या बसच्या खिडक्या, सांगाडा माझ्या हातचा. पहिल्या उन्हाळ्यात मी एकेक फट गाडीच्या दरवाज्याच्या रबराने बंद केली. आयुष्यभर तेच केलं ना, धूळ-पाणी-वारा आत येता कामा नये! आठवड्यात टोमॅटोची रोपं शिजली. मंजुळाबाई डोकावून म्हणाली, "अवो, रोपं लावलीत का इडल्या?" दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी छपराला झडप कापली, वर हिरवी जाळी टाकली. चूक माझी होती हे इथे नमूद करतो, कारण तिला ते लेखी हवं होतं. तेव्हापासून भर पावसात कोथिंबीर, थंडीत काकडी, उन्हाळ्यात पालक. बारा महिने, राव!

५. हे काचघर दोन्ही मुलांना समाईक. त्याचे तुकडे पाडू नयेत. गेल्या रविवारी मी झडपेची दोरी छपरावरच्या कप्पीवरून रविराजच्या बाल्कनीत आणि पाण्याचा कॉक सुजितच्या बाल्कनीत आणून ठेवला आहे. झडप बंद असताना पाणी सोडलं तर बुरशी. झडप उघडून पाणी नाही दिलं तर पानं करपतात. कुठल्याच बाल्कनीतून आतलं काही दिसत नाही, मी उभं राहून पाहिलंय. एकमेकांना विचारल्याशिवाय इलाज नाही.

६. दोघांच्या अबोल्यापायी झाडं मेली, तर गच्ची माझी मेहुणी सुभद्राबाई हिची. ती भजनी मंडळासह राहायला येईल. तिचा आवाज दोघांनाही माहीत आहे.

इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. वरून सुजितचा आवाज आला, "ए दादा, झडप उघडलीस का? पाणी सोडायचंय."

मग रविराज, "उघडतोय. थांब की जरा." आणि लगेच, "बारीक सोड रे, पालक आडवा होईल."

छपरावरची कप्पी करकरली. मंजुळाबाई हातात लाटणं घेऊन दारात आली. "ऐकलंत का?"

ऐकलं.

७. कलम सहा तरीही कायम. मुलं माझीच आहेत, मी त्यांना ओळखतो.

८. कप्पीला कोणीही तेल घालू नये. ती करकरली की खाली मंजुळाबाईला ऐकू जातं.

सही: बबनराव निवृत्ती काळदाते

साक्षीदार: बबनरावांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. पालकाची जुडी त्यानंतर मिळाली.
१. गणराज दत्तू भोंडवे, चिंचवड
२. सयाजी मारुती पारखी, माण

ठिकाण: रहाटणी
दिनांक: ३० एप्रिल २०२५, अक्षय तृतीया