दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात माझं तोंड

सायगॉन,
पाचवा महिना, अमावास्येच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप सातव्या आत्येच्या पायांशी, तिसरीतून शाळा सोडून पळालेल्या आणि तेव्हापासून पळतच असलेल्या थिनचा डोकं टेकून नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? बदकं किती उरली? (मागच्या पत्रात बावीस होती. शेजारच्या कुत्र्यानं आणखी नेली असतील तर कळव, मी इथूनच शिव्या देतो.) मी सुखरूप आहे, दोन वेळा जेवतो, अंघोळ रोज करतो आणि नोकरी टिकवून आहे. हे शेवटचं पुन्हा वाच, खोटं नाही. चपलांच्या कारखान्यात मी अकरा दिवस काढले, वाळूच्या पडावावर एक महिना, पण बर्फाच्या गाडीवर आता दोन वर्षं होत आली. या धंद्यात एका जागी उभं राहून चालतच नाही. उभं राहिलं की माल पाणी होऊन गटारात. माझ्यासारख्यासाठीच हा धंदा कुणीतरी काढला असावा.

उजाडता उजाडता कारखान्यातून माझ्या छातीएवढ्या लाद्या उचलायच्या, भाताच्या तुसात लोळवायच्या, गोणपाटात गुंडाळून तीनचाकीवर चढवायच्या आणि ऊन तापायच्या आत गल्लोगल्ली वाटायच्या. आत्या, तू म्हणतेस हे शहर माणसं खातं. मला तर असं दिसतं की हे शहर काही टाकूनच देत नाही. अमेरिकन लोकांनी विमानं उतरवायला अंथरलेल्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या आमच्या गल्लीत कुंपण होऊन उभ्या आहेत, आणि त्यावर दोडक्याचा वेल चढलाय. ज्या पेट्यांतून बंदुकीच्या गोळ्या आल्या, त्यांत आमचा पंक्चरवाला ठिगळं ठेवतो. आणि चौकातली गर्दी तर बघायलाच ये. चारी बाजूंनी होंडाच होंडा एकमेकींच्या अंगावर येतात, एकेकीवर नवरा, बायको, दोन पोरं आणि पिंजऱ्यातलं डुकराचं पिल्लू, आणि कुणी कुणाला न आपटता आरपार निघून जातात. पहिल्या दिवशी मी कडेला अर्धा तास उभा होतो. शेवटी एका म्हातारीनं मनगट धरलं. म्हणाली, "थांबू नकोस, पळू नकोस. चालत राहा, ते बघून घेतील." इतकं चांगलं मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी चौथीत गेलो असतो.

तर आता मुद्द्यावर येतो. (आलो नाही अजून, पण निघालोय.) माझ्या वाटेवर आठवेकाकांचं दुकान आहे. आपले नव्हेत, चित्रकार खिएम. इथंही माणसांना जन्माच्या नंबरानंच हाक मारतात, शहरात आलं म्हणून मोजणी बदलत नाही. देव्हाऱ्यात ठेवायची पितरांची चित्रं ते काजळीच्या पुडीनं काढतात. ज्यांचा फोटो आहे त्यांचं सोपं असतं. पण युद्धात गेलेल्या कितीकांचा फोटोच नसतो. मग घरचे येऊन सांगतात, नाक आईसारखं होतं, कपाळ मोठं होतं, बाकी काय, साधाच होता हो, चारचौघांसारखा. एक दिवस मी लादी कापत होतो तर आठवेकाका कुंचला खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "लेका, तुझं तोंड साध्या भातासारखं आहे. कशाहीबरोबर जातं." मला ते कौतुकच वाटलं. तेव्हापासून रोज दूध घातलेल्या गार कॉफीच्या एका पेल्यावर मी त्यांच्या स्टुलावर पाव तास बसायचो. (हो, मी. पाव तास. न हलता. कॉफी तशीच होती.) काका म्हणायचे, सराव करतोय. मीही विचारलं नाही, कसला.

पुढं लोक माझ्याशी विचित्र वागायला लागले. शेवयांच्या गाडीवाल्या आजोबांनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला डाव रश्श्यात बुडाला. शिंपीणबाईंनी दारातच हात जोडून मला लॉटरीचा आकडा विचारला. मी घाबरून बर्फाचं वजन सांगितलं. (आकडा लागला म्हणे. तेव्हापासून त्या बर्फ घेताना चपला काढतात.)

याच दिवसांत थोआची ओळख झाली. थोराड वडाखाली तिची उसाच्या रसाची गाडी आहे. जीभ म्हणशील तर चरकापेक्षा धारदार. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बर्फ आणलास की बर्फाचं पाणी? घागर आणू का?" दुसऱ्या दिवसापासून मी वाट उलटी केली, पहिली लादी तिला. मग म्हणायला लागली, "एवढा मोठा तुकडा कशाला? मला रस विकायचाय, प्रेत ठेवायचं नाही." पण घ्यायची. चार महिन्यांनी ती उसाची चिपाडं काढता काढता म्हणाली, माझ्याकडे न बघता, "परवा घरी तिथी आहे. आजीच्या धाकट्या भावाची. जेवायला ये. अंघोळ करून ये." आत्या, मुलीनं घरच्या तिथीला बोलावलं याचा अर्थ तुला सांगायला नको. मी नवा सदरा घेतला, केळ्याची फणी घेतली, केस भांग पाडून बसवले.

उंबऱ्यात पाऊल टाकलं, समोर देव्हारा, उदबत्तीचा धूर, अंडी घालून नारळपाण्यात शिजवलेलं मटण, कारल्याचं सार, तांदळाच्या दारूची पेली. आणि या सगळ्याच्या वर, डोक्यावर सैनिकी टोपी घालून, मी. अगदी मी. डाव्या भुवईतली खोक काकांनी बुजवली होती, गाल आत ढकलले होते, पण माझ्या तोंडाशी वीस वर्षांची ओळख आहे माझी. थोआची आई आतून भाताचं पातेलं घेऊन आली, तिनं मला पाहिलं, चित्राला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं आणि पातेलं सोडून दिलं. फक्त थोआच्या आजी (चौथ्या आजी, वय पंच्याहत्तर, दात तीन) जागच्या हलल्या नाहीत. पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "आलास? किती उशीर. हात धू."

मी तेव्हा गप्प बसलो असतो, तर त्या घरानं मला पुनर्जन्म म्हणून डोक्यावर घेतलं असतं. पण तू मला खरं बोलायला शिकवलंस, त्याचे हे भोग. मी सांगितलं, की हा मीच, जिवंतपणी, आठवेकाकांच्या स्टुलावर. मग जे झालं ते विचारू नकोस. थोआची आई म्हणाली, "वर्षभर आम्ही बर्फवाल्याला जेवू घालतोय!" थोआचा मोठा भाऊ लाम पंगतीत आधीच बसला होता, तो तोंडातला घास न गिळता हसत होता. आणि थोआ कपाळाला हात लावून म्हणाली, "पहिल्या दिवसापासून तुला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटायचं रे. मला वाटलं, यालाच प्रेम म्हणतात."

आठवेकाकांना बोलावणं गेलं. ते आले, वाकले आणि म्हणाले, "मी चोरी केली नाही. एक तोंड नऊ घरांत वाटलं. एवढी तर केळ्याची फणीसुद्धा पुरत नाही." नऊ घरं, आत्या! शिंपीणबाईंचं त्यातलंच एक, म्हणून पितराला विचारावा तसा मला आकडा विचारला. मग मला एकेक उलगडायला लागलं. गेल्या वर्षी तीन पंक्चर, कालव्यात पडलो ते, अर्धा दात गेला तो; जिवंत माणसाला उदबत्ती लावल्यावर दुसरं काय होणार? (आणि काही दिवस न जेवताच पोट भरल्यासारखं वाटायचं, तेही आता कळलं.) मी हे मोठ्यानं बोललो आणि थोआच्या आईनं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "लग्नात नवरा-नवरीनं देव्हाऱ्यापुढे वाकायचं असतं. हा स्वतःलाच उदबत्ती लावणार? दर वर्षी याचं आयुष्य कापायचं आणि माझ्या पोरीनं पंचविशीत कपाळाला दुखवट्याची पांढरी पट्टी बांधायची? एकतर हे चित्र उतरवा, नाहीतर हा मुलगा विसरा." काका म्हणाले, उतरवा, मी दुसरं तोंड बसवून देतो, फुकट. सगळ्यांनी चौथ्या आजीकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "तो गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारताय तर मी नाही म्हणते."

म्हणजे मीच मला आडवा आलो. असा तिढा तुझ्या ऐकण्यात तरी आहे का? थोआ रडली नाही, पण तिनं ताटं इतकी आपटून ठेवली की रडली असती तर बरं, असं वाटलं.

मी निघालो तर आजींनी मागच्या पायरीवर बसवून घेतलं. म्हणाल्या, "तू त्याच्यासारखा दिसतोस की नाही, मला ठाऊक नाही." मला आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "विसरले रे मी. आवाज आठवतो, चालणं आठवतं, भातावर मासळीचं पाणी किती घ्यायचा ते आठवतं. तोंड गेलं. चित्रकारानं विचारलं, भुवया अशा? हो म्हटलं. ओठ असे? हो. त्यानं माकड काढलं असतं तरी हो म्हटलं असतं. पाठच्या भावाचं तोंड आठवत नाही, हे चारचौघांत कुठल्या तोंडानं सांगू? पण वर्षभर तुझ्याशी बोलले आणि सवय झाली. आता हाच हिएन. याला उतरवलं तर मी कुणाशी बोलू?" मी त्यांचा अडकित्ता घेऊन सुपारी कातरून दिली. वाईट कातरली.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडचं कोण गेलं? मी सहाव्या काकांचं सांगितलं. सांगितलं, की लुआनकाकांचा फोटो कुणी कधी काढलाच नाही; देव्हाऱ्यात सरकारचं सन्मानपत्र काचेत लावलंय आणि आमची आत्या दर तिथीला त्यापुढं ताट ठेवते. आजींनी हातातलं पान खाली ठेवलं. (का, ते खाली येईल.) मग म्हणाल्या, "कागदाला जेवायला वाढते? बिचारी." आणि मला हाताला धरून आत घेऊन गेल्या, सगळ्यांसमोर उभं केलं.

"दोष कशाचा लागतो? उसन्याचा," आजी म्हणाल्या. "हे तोंड आपण न विचारता उसनं आणलं. उसनं पितरांना चालत नाही, दिलेलं चालतं. याच्या घरच्या थोरांनी यावं, देव्हाऱ्यापुढं उभं राहून सांगावं की हे तोंड आम्ही तुमच्या हिएनला दिलं. मग उदबत्ती याला लागणार नाही, त्याला लागेल. आणि आपण फुकट घेणारी माणसं नाही. त्यांच्या माणसाला आपल्या घरातलं तोंड द्यायचं."

लामचा घास आता कुठं खाली गेला. "कुणाचं? माझं?"

"तुझ्याकडं द्यायला दुसरं काय आहे?" आजी म्हणाल्या.

म्हणजे सरळ साटंलोटंच की, फक्त मुलींऐवजी तोंडांचं. थोआची आई बराच वेळ पातेलं घासत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडचं थोर माणूस येऊन बोललं तर बघू." आत्या, या शहरात 'बघू' म्हणजे पुष्कळ असतं. आठवेकाकांनी तिथल्या तिथं लामला खिडकीशी बसवून कागद काढला. उरलेल्या आठ घरांचं काय, ते मी त्यांना विचारलं. म्हणाले, तूर्त हेल्मेट घालून बर्फ वाट.

बाकी सगळं क्षेम. पाऊस आला की गल्लीत गुडघाभर पाणी चढतं, पण लाद्या तरंगतात, त्यामुळे माझं ढकलायचं काम वाचतं. सगळ्यांना माझा नमस्कार आणि बदकांना दाणा.

तुझा भाचा,
थिन

ता. क. आई-बाबा गेल्यावर मला वाढवलंस तू, म्हणजे थोर माणूस तूच, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. येत्या महिन्याच्या सोळाव्याला ये. सुपारीचा घड आणि विड्याची पानं आपल्याच वाडीतली आण, इथली सुकलेली असतात. फेरीबोटीच्या धक्क्यापासून मी तुला बर्फाच्या गाडीवरून नेईन. गोणपाट धुतलंय.

ता. क. दुसरं. टोपी कुठल्या सैन्याची, ते मी लिहिलं नाही. मुद्दामच. तुला वाटली ती नव्हे, त्यांची. हिएन सायगॉनच्या सैन्यात होता, ज्यांच्याशी लढताना लुआनकाका गेले त्याच. उचलून नेला होता, पण होता. शहर पडलं त्या आठवड्यात आजींनी भीतीनं त्याचे होते तेवढे फोटो, सगळे टोपीतलेच, चुलीत घातले आणि त्यावर भात शिजवला. म्हणून फोटो नाही. मला माहीत आहे, तू त्या सैन्यातल्या कुणाच्या घरचं पाणी घेत नाहीस. फेरीवाल्या बुउच्या लग्नाला जाऊन उपाशी परत आली होतीस. आजींनाही मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मीही गेले नसते. तरी तिला विचार." म्हणून विचारतोय. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, इथंच कुठंतरी पळून जाईन, त्याचा मला सराव आहे. पण या वेळी पळावंसं वाटत नाही.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. लामचे कान सुपासारखे आहेत. काका विचारतात, लुआनचे कसे होते? त्यांना बघितलेली आता तू एकटीच उरलीस. तू त्यांच्याबद्दल कधी बोलली नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही. आठवत असतील तर इथं आल्यावर काकांच्या शेजारी बस आणि सांग. आठवत नसतील तर मागच्या पायरीवर चौथ्या आजींच्या शेजारी बस. त्या पान लावून देतात, काही विचारत नाहीत.