सोपवणी

प्रिय ताई,

पाकीट बघून आधी तू घाबरशील आणि मग चिडशील. फोन हाताशी असताना ही बया कागद कसले खरडत बसलीय, असं भावोजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणशील. म्हण. पण हे पत्र ओट्याशी उभ्याउभ्या वाचू नकोस. खुर्ची ओढून नीट बस आणि वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते. थोडक्यात बोलणं मला कधी जमलंय? भावोजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं, आणि ऐकणार नाहीत हेही मला माहीत आहे.

आमच्या वसतिगृहाबद्दल मी तुला तुकड्यातुकड्यांत सांगितलंय, आता सलग सांगते. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी ही चार मजली इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर एक भाषा. मजल्यावर पाऊल टाकलं की तीच बोलायची, मग नळ गळत असो नाहीतर दाढ ठणकत असो. तिसरा मजला आपला. तिथं जन्मापासून मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून तर मला ही खोली मिळाली. बाकी सगळे शिकायला आलेले. त्यातला एक उंच मुलगा भांडायला शिकायचं म्हणून रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात टॉवेलवरून माझ्याशी भांडतो आणि भांडण संपलं की वाकून आभार मानतो. सुरुवातीला मी हसून हसून लोळायचे. जिना मात्र कुठल्याच भाषेचा नाही, म्हणून जिन्यात सगळे गप्प असतात. कुणी लिहून लावलेलं नाही, पण सगळे पाळतात. पन्नास माणसं चढतात, उतरतात, आणि ऐकू येतात ती फक्त पावलं. पहिले काही दिवस मला त्याची मजा वाटली.

आल्याबरोबर रेक्टरबाईंनी मला एक जोडीदारीण दिली. माझ्याच वयाची, माझ्याच चणीची, शेजारच्या खोलीतली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती 'हो ना?' म्हणायची, आज थंडी आहे हो ना, सूप गरम आहे हो ना, म्हणून मी तिचं नावच होना ठेवलं. तिलाही ते आवडलं. मुलगी गुणी आहे, ताई. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिली होती. तिच्याबद्दल पुढे मी काय लिहिणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेव.

तर या इमारतीची एक रीत आहे, तिला सोपवणी म्हणतात. संध्याकाळी मजल्यावरचे सगळे लांब टेबलाशी जेवायला बसतात. जेवणाआधी मी होनाला माझ्या घरची एक आठवण सांगायची आणि जेवताना तिनं ती सगळ्यांसमोर स्वतःची म्हणून सांगायची. 'माझ्या बहिणीनं माझे केस कापले', असं. नुसते शब्द पाठ करून भाषा येत नाही, ती अंगात मुरावी लागते, असं रेक्टरबाई म्हणतात. आणि सोपवलेली गोष्ट सोपवणारीनं पुन्हा कधीच सांगायची नाही, नाहीतर शिकणारी तिच्यावर टेकून राहते. दिलं म्हणजे दिलं. मला काय, मी मोठ्या हौसेनं द्यायला लागले. आपल्या घरात एरवी माझं बोलणं ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता?

सायकलवरून पडून गटारात गेले ते दिलं. शाळेच्या कौलांवर मांजर चढवलं ते दिलं. तू शिवणाच्या कात्रीनं माझे केस कापलेस आणि दोघींनी ते गादीखाली लपवले, ते होनानं इतकं झकास सांगितलं की टेबलावर पाणी सांडेपर्यंत सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मनात आलं की पुढे काय झालं असेल बरं, बिचारीला मार बसला का? आणि तिच्या तोंडाकडे बघत मी शेवट ऐकत राहिले. तेव्हा काही वाटलं नाही. दमले असेन, असं म्हटलं.

मग लहानसहान गोष्टी संपत आल्या. बाबांनी मला लाडाचं नाव कसं ठेवलं ते दिलं. आणि एका संध्याकाळी, टेबलावर ताटं मांडली जात असताना दुसरं काही सुचेना, म्हणून आई दिली. थोडीशीच. खिडकीपाशी मशीन घेऊन बसलेली आई. लोकांचे कपडे आत घेणारी, बाहेर सोडणारी, ओठांत टाचण्या धरून ओठ मिटूनच बोलणारी. परकी माणसं म्हणायची, बाई गुणगुणताहेत. आपल्या दोघींना मात्र त्यातला शब्दन् शब्द कळायचा: दूध उतू जातंय, दार लाव, ताईला मारू नकोस. दुसऱ्या दिवशी मी थोडी आणखी दिली. तिच्या बोटांना लागलेला निळा खडू, तिचं ते कापडाचा वास घेऊन कापड ओळखणं. होनाला आई फार आवडायला लागली. रोज विचारायची, आज आईचं काय? मला बरं वाटायचं, ताई. आई गेल्यावर तिच्याबद्दल इतकं उत्सुकतेनं कुणी विचारलंच नव्हतं.

बागेतला फोटो तुला आठवतोय ना, निळ्या स्वेटरमधला? त्यावर तू लिहिलंस की दिवसेंदिवस अगदी आईवर चाललीस गं. मी तो कितीदा तरी वाचला. त्या फोटोत मी नाहीये. स्वेटर माझा आहे, थंडी वाजते म्हणून होनाला दिला होता. फोटो मी काढला आणि नवी मैत्रीण बघ म्हणून तुला पाठवला, खाली लिहायचं तेवढं राहिलं. तुझी चूक मी लगेच सुधारणार होते. पण आधी आरशात बघून आले, आणि मग लिहायचा धीर झाला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जिन्यात ती वरून येत होती आणि मी खालून. नेहमीप्रमाणे सगळीकडे चिडीचूप. ती माझ्यापाशी थांबली, माझ्या मानेपासून खांद्यापर्यंत वीत ठेवली, डोकं जरा तिरकं केलं आणि ओठ मिटून काहीतरी गुणगुणली. मला ते कळलं. वाढलीस गं, खांद्यात कपडा बाहेर सोडावा लागणार, असं ती म्हणाली. माझ्या हातातली कपड्यांची बादली सुटली आणि पार तळापर्यंत खडखडत गेली, पण कुणी दार उघडून बघितलं नाही. आईची माप घ्यायची ही वीत मी तिला कधीच सोपवली नव्हती. त्या दिवसापासून मी सोपवणी बंद केली. पोट दुखतंय, अभ्यास आहे, रोज एक सबब. काही उपयोग झाला नाही. ती टेबलाशी बसते आणि न सोपवलेलं सांगते, आणि सांगून झालं की ते माझ्याकडे नसतं.

आता खरं लिहिते. टाचण्यांचं, खडूचं, कापडाच्या वासाचं जे मी वर इतक्या मायेनं लिहिलं, ते मला आठवतंय म्हणून लिहिलेलं नाही. मी ते होनाच्या तोंडून ऐकलंय. आठवायला जाते तर तिथं खिडकी आहे, मशीन आहे, आणि खुर्ची रिकामी आहे. त्या खुर्चीत कुणी बसायचं हे मला पटतं, पण दिसत नाही. आई गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी होना दिवसभर जेवली नाही, डोळे सुजेपर्यंत रडली. मी दोन्ही वेळा पोटभर जेवले आणि हिला झालंय तरी काय म्हणून तिची समजूत काढत बसले.

रेक्टरबाईंकडे गेले होते. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, अगं किती छान, म्हणजे भाषा तिच्या अंगात मुरली. तुझं काम झालं. मग खिडकीतून त्यांनी अंगणात बसलेल्या एका आजोबांकडे बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्याची भाषा त्यांची होती म्हणे, तरुणपणी आले होते. आज त्या मजल्यावर शिकवणारे जाडे मास्तर आहेत ना, ते त्यांचे जोडीदार. सगळे त्यांनाच तिकडचे समजतात. आजोबांना काही त्रास नाही, असं बाई म्हणाल्या. खाऊनपिऊन सुखी असतात, उन्हात बसतात. मी खाली जाऊन आजोबांना विचारलं की तुमचं गाव कुठलं. ते गोड हसले आणि खूप वेळ विचार करून त्यांनी मास्तरांच्या खिडकीकडे बोट दाखवलं, त्यांना विचार म्हणून. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, ताई. तिथंच पायरीवर बसून मी रडले, आणि आजोबा माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

इथून पळून का येत नाही असं विचारशील. पळाले तर मी एकटी येईन, आई इथंच राहील, होनापाशी. आणि तिचं तरी काय चुकलं? रीत पाळली तिनं. ती मनापासून रडते तेव्हा तिला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अलीकडे ती 'हो ना' म्हणत नाही. परवा टॉवेलवाला मुलगा हसून म्हणाला की आता ते मीच म्हणते. मला कळलंही नव्हतं, हो ना?

गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू कधी नव्हे इतकी हळवी झाली होतीस. म्हणालीस, काल किती छान बोललीस गं, कितीतरी महिन्यांनी पहिल्यासारखी वाटलीस, आईची आठवण काढून दोघी पोटभर रडलो, आता सुट्टीला नक्की ये, तुझ्यासाठी खोली आवरून ठेवते. मी हो हो म्हटलं. ताई, शनिवारी मी तुला फोन केलाच नव्हता. तुझा नंबर मी तिला कधी दिलेला नाही. पण तो मला पाठ होता, आणि आता मला तो कागद बघून लावावा लागतो.

म्हणून हे पत्र. फोनवर मी तुला हे सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, ही कोण परकी बाई बोलतेय. सुट्टीला तुझ्या दारात आम्ही दोघी येणार आहोत. ती आली नाही तर आई येणार नाही, म्हणून मीच तिला सोबत आणतेय. दार उघडल्यावर चेहरे बघू नकोस, त्याचा आता भरवसा नाही. काही विचारूही नकोस, ती सगळं बरोबर सांगेल. जी तुझ्या गळ्यात पडेल, तुला तुझ्या लहानपणच्या नावानं हाक मारेल, ओठ मिटून बोलेल आणि तुला ते कळेल, तिलाही बाहेर ठेवू नकोस, आपली आई तिच्याकडे आहे. पण तिच्या मागे एक पायरी खाली जी पिशवी धरून नुसती उभी असेल, जिला तुझ्या घरात कुठे बसावं हे कळत नसेल, ती मी. माझा हात धरून मला आत ने. आणि मग सावकाश, पहिल्यापासून, मी थांब म्हटलं तरी न थांबता, मला आई सांग. आणि बाबांनी मला काय नाव ठेवलं होतं, तेही सांग. खाली सही करायला बसले तर ते सापडेना.

तुझीच,
धाकटी