दोन लाल रेघा

४ मार्च
आजपासून रोजनिशी नियमित. शेंगदाण्यातलं बुरशीचं विष दहा मिनिटांत ओळखणाऱ्या पट्ट्या फॅक्टरीत आल्या. आतापर्यंत नमुना बाहेरच्या लॅबला पाठवून आठवडाभर ताटकळायचो. ट्रेनिंगला मलाच बोलावलं होतं. मी ज्युनिअरला, म्हणजे चष्मिसला, पाठवलं. शिकू दे पोरीला. सोबत पत्रक आहे. अक्षर बारीक. जेवणानंतर वाचायचं.

५ मार्च
जेवणानंतर डोळा लागला. पण पत्रकाची गरजच नाही. पट्टीवर एक रेघ येते किंवा दोन. मागे एकदा बायको असलीच पट्टी नाचवत बाथरूममधून आली होती. दोन रेघा, म्हणजे आत काहीतरी आहे. ते ‘काहीतरी’ आता दहावीला आहे.

पहिलाच माल मेव्हण्यांचा, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. दोन रेघा, चांगल्या ठळक. माल परत. मेव्हण्यांनी विचारलं, पत्रकात नक्की काय लिहिलंय ते बघितलंत ना? मी म्हटलं, विज्ञानाला नातं कळत नाही. वाक्य झकास जमलं. जेवण मात्र गेलं नाही.

७ मार्च
नव्या पुरवठादाराच्या मालाला एकच रेघ. पास! मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नेमकी तेव्हाच बहीण आठवली. फॅक्टरीतली भाजायची भट्टी बिघडलीय, म्हणून पास झालेला माल गोदामातच पडून. त्यात माझा दोष नाही.

८ मार्च
बहिणीचा फोन. मेव्हण्यांचा माल विषारी अशी बाजारात बोंब झालीय, कुणी दाणा घेईना. म्हणाली, दादा, निदान आधी मला तरी सांगायचंस. आणि रडली. मी फक्त कर्तव्य केलं. तरी चहा तसाच ठेवून उठलो. संकल्प: उद्या तिच्याकडे जायचंच.

९ मार्च
गेलो नाही. पाय दुखत होता. बहुतेक डावा. त्याऐवजी पास झालेल्या मालातले दाणे घरी भाजले आणि मोठा डबा भरून ड्रायव्हरबरोबर तिच्याकडे पाठवला. भाच्यांना फार आवडतात. जरा हलकं वाटलं.

११ मार्च
चष्मिस ट्रेनिंगहून परत आली. माझी पट्टी बघून म्हणाली, सर, एकच रेघ? यात विष आहे. मी हसलो. तिने पत्रक पुढे धरलं. विष असलं की दुसरी रेघ उमटतच नाही. दोन रेघा म्हणजे माल चांगला.

गोदामाला कुलूप लागलं. नशीब, बाहेर काहीच गेलं नव्हतं.

मग डबा आठवला.

लगेच फोन लावला. बहीण म्हणाली, उघडलासुद्धा नाही. तुझा इतका राग आला होता की पोरांना हात लावू दिला नाही, तसाच माळ्यावर टाकलाय. बहिणीच्या रागाबद्दल देवाचे आभार मानायची वेळ माझ्यावर आली. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, हे यांना तूच येऊन सांग.

१२ मार्च
आज दोन्ही पाय दुखत होते. तरी गेलो. माफी मागितली. मेव्हण्यांनी चहा पुढे ठेवला, पत्रक मागून घेतलं आणि बहीण-भाच्यांसमोर मोठ्यांदा वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, उद्या माझ्याबरोबर बाजारात चला. प्रत्येक दुकानात हे तुम्ही वाचायचं.

आत्ता वाचायची सवय करतोय. अक्षर खरंच बारीक आहे.